ही तारीख अजून आलेली नाही

वहिनीचा उजवा कान दुखायला लागला, तिथून या गोष्टीला सुरुवात झाली.

दादाचा धंदा लिफ्टदुरुस्तीचा. शहरातल्या बऱ्याच इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे देखभालीला होत्या. लिफ्ट अडली की लोक ऑफिसात फोन करत आणि फोन वहिनी घेई. सकाळपासून रिसीव्हर कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून ती एका हाताने तक्रार लिहायची, दुसऱ्या हाताने कारागिराचा नंबर फिरवायची. डॉक्टरांनी कानाला विश्रांती द्या म्हटल्यावर तिने ऑफिसात येऊन दादाला सांगितलं, "एक तर मला नवा कान आणून दे, नाहीतर या फोनचं काहीतरी बघ."

नवा कान आणणं दादाच्या हातात नव्हतं. त्याने बहिणीकडे बोट दाखवलं.

बहिणीला घरात आणि ऑफिसात सगळे धाकटी म्हणत. केस पिकायला लागले तरी ती धाकटीच. ती लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायची. ऑफिसच्या मागच्या खोलीत, जिथे एका भिंतीला तारदोरांची वेटोळी टांगलेली आणि दुसऱ्या भिंतीशी मोडीत निघालेल्या लिफ्टची दारं टेकवून ठेवलेली, तिथे खिडकीपाशी तिचं टेबल होतं. ग्रीसच्या वासाची तिला इतकी सवय झाली होती की बाहेरच्या मोकळ्या हवेतच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

तिने थोड्याच दिवसांत तक्रारीचा फॉर्म तयार केला. नाव, इमारत, मजला, फोन, बिघाड कधी झाला ती तारीख आणि काय झालं ते लिहायला एक मोठा चौकोन. त्याखाली हिरवं बटण, 'पाठवा'. लोक फॉर्म भरायला लागले, आणि रिकामा चौकोन दिसला की माणूस त्यात मनाला येईल ते भरतो हे धाकटीला कळून चुकलं. मजल्याच्या जागी कुणी 'घरी' लिहिलं. फोनच्या जागी कुणी 'वॉचमनला विचारा' लिहिलं. एका आजोबांनी बिघाडाच्या तारखेत स्वतःची जन्मतारीख टाकली. त्या हिशेबाने त्यांची लिफ्ट इमारत बांधायच्या आधीपासूनच बंद होती. आणि काय झालं या प्रश्नाला निम्म्या लोकांचं उत्तर एकच, 'तेच'.

"'तेच' म्हणजे काय ते मला समजतं गं," वहिनी म्हणाली, "पण कारागिराला मी काय सांगू? जा, तेच झालंय, तेच कर?"

मग धाकटीने फॉर्मला शिस्त लावली. ब्राउझरचा स्वभाव उतावळा. 'पाठवा' दाबलं की तो मागचा पुढचा विचार न करता सगळं उचलून पळत सुटतो. तिने जावास्क्रिप्टमध्ये त्याला उंबऱ्यातच अडवलं: थांब, आधी पिशवी उघडून दाखव. नावाच्या जागी नाव आहे की नुसत्या मोकळ्या जागा? फोनमध्ये आकडेच आहेत ना, आणि पुरेसे? निवडलेल्या इमारतीला तेवढे मजले आहेत का? तारीख आजची किंवा मागची आहे ना? सगळं नीट असेल तरच सोडायचं, नाहीतर जो चौकोन चुकला त्याच्याखाली लाल अक्षरांत चूक सांगायची. ब्राउझरची चौकी चुकवून कुणी शिरलंच, तर सर्व्हरवर पुन्हा तीच झडती.

लाल अक्षरांतली वाक्यं मात्र वहिनीने बदलायला लावली. "माणूस लिफ्टमध्ये अडकलाय, घामाघूम झालाय, आणि तू त्याला 'अवैध' म्हणणार? नीट सांग ना, घरच्या माणसाला सांगतात तसं." म्हणून धाकटीने लिहिलं, 'या इमारतीला एवढे मजले नाहीत.' पुढची तारीख टाकणाऱ्यासाठी लिहिलं, 'ही तारीख अजून आलेली नाही.' सगळं नीट भरलं की दिसणारं वाक्य वहिनीने स्वतः सांगितलं: 'तुमची तक्रार मिळाली. आमचा माणूस निघाला आहे.'

लोक कुठे अडखळतात ते कळावं म्हणून फॉर्मने परत पाठवलेल्या नोंदीही धाकटी वेगळ्या ठेवायची. उगाच जागा अडू नये म्हणून मजकुरातले पहिले चार-पाच शब्दच त्यात राहत. रोज सकाळी चहाबरोबर ती त्या नोंदी वाचायची. कुणाच्या फोनमध्ये एक आकडा कमी, कुणी इमारत निवडायलाच विसरलेला. करमणूक चांगली व्हायची.

एका सकाळी त्यात ही नोंद होती. नावाच्या जागी: 'शिंपीणबाई, उजवीकडचं घर'. इमारत: पाण्याच्या टाकीजवळची पिवळी इमारत. मजला: नऊ. तारीख: वर्षाच्या अगदी शेवटची, तेव्हा तर वर्ष नुकतं कुठे सुरू झालं होतं. मजकूर: 'लिफ्ट मध्येच थांबली. आत मी'. पुढचं कापलं गेलं होतं.

फॉर्मने दोन चुका दाखवून ती परत पाठवली होती. खाली तशीच दुसरी नोंद, लगेच केलेली. मग तिसरी. तिसरीत नावाच्या जागी फक्त 'शिंपीण' उरलं होतं, आणि मजकूर होता, 'तारीख बरोबर आहे हो. आजचीच'.

धाकटीने चहाचा कप खाली ठेवला.

पक्कडमामा समोरच बसून बूट चढवत होते. दादाकडचे ते सगळ्यात जुने कारागीर. खिशात पेन असो नसो, पक्कड असायचीच. तिने विचारलं, "मामा, टाकीजवळच्या पिवळ्या इमारतीला मजले किती?"

"आठ. वर गच्ची."

"नववा नाही?"

"नववा कावळ्यांना भाड्याने दिला असला तर मला माहीत नाही," मामा म्हणाले आणि पिशवी उचलून निघून गेले.

फोनचा नंबर नीट होता, आकडे पुरते. धाकटीने तो लावून पाहिला. हा नंबर वापरात नाही, असं एका यंत्राने सांगितलं. मग तिने नोंदीच्या वेळा तपासल्या. सर्व्हरने स्वतःची वेळ लावलेली होती, त्याच सकाळची. पण ज्या फोनवरून फॉर्म भरला गेला त्याचं घड्याळ मात्र वर्षाच्या शेवटाला जाऊन बसलं होतं. कुणाच्या तरी फोनची तारीख बिघडली असेल, तिने स्वतःला समजावलं. किंवा कुणी टवाळ. टवाळांना काय, वेळच वेळ.

पण नोंदी थांबल्या नाहीत. कधी आठवडाभर काही नसे, कधी लागोपाठ दोन सकाळी. तीच इमारत, तोच नववा मजला, तीच तारीख. दरवेळी फॉर्म तिला दोन चुका दाखवायचा आणि दरवेळी ती पुन्हा भरायची. मजकुराचे पहिले शब्द बदलत राहायचे. 'आई खाली बसली आहे'. 'अंधार आहे, फोनचा उजेड'. 'मजला नाही कसा, मी'. धाकटीला वाचताना वाटायचं, कुणीतरी दार वाजवतंय आणि आतून आपणच ओरडतोय की चुकीच्या घरी आलात. ती कुणाला काही बोलली नाही. बोलणार तरी काय?

उन्हाळा सरत आला तेव्हा एक दिवस वहिनी खुशीत मागच्या खोलीत आली. "ऐकलंस? टाकीजवळच्या पिवळ्या इमारतीवर मजला चढतोय. परवानगी मिळाली त्यांना. लिफ्ट वर न्यायचं काम आपल्यालाच दिलंय." मग जाता जाता म्हणाली, "काम झालं की तुझ्या त्या यादीत आठचे नऊ कर हं."

धाकटीने नुसती मान हलवली. वहिनी गेल्यावर तिने परत पाठवलेल्या नोंदी पुन्हा उघडल्या.

बांधकाम काही महिने चाललं. लिफ्ट नवव्यापर्यंत चढली, दादाने चाचणी घेतली, काम सोपवलं. धाकटीने यादीत आठचे नऊ केले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीणबाईची नोंद आली. या वेळी लाल अक्षरांत एकच चूक दाखवली गेली होती. मजल्याबद्दल फॉर्मचं आता काही म्हणणं नव्हतं. तारीख मात्र अजून आलेली नव्हती. पण आता ती फारशी दूरही नव्हती.

त्या दुपारी धाकटीने दादाला आणि वहिनीला बसवून सगळं दाखवलं.

दादाने पडद्यावरच्या नोंदी वाचल्या. "तारीख बिघडलेला फोन आहे," तो म्हणाला. "दुसरं काय?"

"नववा मजला नव्हता तेव्हापासून नऊ लिहितेय ती."

"चढणार हे कुणाला तरी ठाऊक असणार. परवानग्या काय एका दिवसात मिळतात? त्यांच्यातलंच कुणीतरी चेष्टा करतंय."

"वर्षभर?"

दादाने खांदे उडवले. दादा खांदे उडवतो तेव्हा त्याला पटलेलं नसतं, पण वादही नको असतो.

वहिनी नोंदी वर-खाली करत होती. तिने अर्धं आयुष्य अडकलेल्या माणसांचे आवाज ऐकण्यात घालवलं होतं. "खरं-खोटं मला कळत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "पण कुणीतरी मदत मागतंय आणि आपण रोज तिला सांगतोय, तारीख आली नाही, नंतर या. हे मला बरं वाटत नाही. तो नियम काढून टाक धाकटे. तिला पूर्ण बोलू दे तरी."

धाकटीने नियम काढला. जावास्क्रिप्टमधल्या तीन ओळी आणि सर्व्हरवरच्या दोन. पुसताना तिला वाटलं, आपण कुठल्यातरी दाराची कडी काढतोय, आणि ते दार कुठे उघडतं ते आपल्याला माहीत नाही.

दोन दिवसांनी नोंद आली. या वेळी ती अडखळली नाही. सरळ तक्रारींच्या यादीत येऊन बसली, अख्ख्या मजकुरासकट.

'लिफ्ट मध्येच थांबली. आत मी आणि आई. दिवे गेले होते, मग एकदम आले आणि मागचं दार आपोआप उघडलं. मागे काहीच नाही. भिंत नाही, मजला नाही, नुसती पोकळी आहे, खालून गार वारा येतोय. पुन्हा दिवे गेलेत. आईला वाटतंय समोर घराचा पॅसेज आहे. मी तिचा हात धरून ठेवलाय. एका हाताने लिहितेय. लवकर या.'

वहिनीने वाचलं आणि तोंडावर पदर धरला. फॉर्मने शिंपीणबाईला काय उत्तर दिलं असेल ते तिघांनाही ठाऊक होतं. आमचा माणूस निघाला आहे.

दुसऱ्या दिवशी आणखी एक आली. तिच्यात मजकूर एवढाच होता: 'कुणी आलं नाही. आईचा हात सुटला.'

दादाने गाडीची किल्ली घेतली, पक्कडमामांना हाक मारली आणि धाकटीला म्हणाला, "चल."

नवव्या मजल्यावर ओल्या चुन्याचा वास होता. दोन घरं, दोन्ही रिकामी, दारांना अजून प्लॅस्टिक गुंडाळलेलं. लिफ्टला दोन बाजूंनी दारं होती. खालच्या मजल्यांवर मागचं दार सामानासाठीच्या अरुंद पॅसेजमध्ये उघडायचं. नवव्यावर तो पॅसेज बांधलेलाच नव्हता. पॅसेजच्या जागी एक प्लायवूडचा तक्ता उभा केला होता, वर रंग मारून. मामांनी तो पक्कडीने जरा बाजूला ओढला. मागे इमारतीच्या पोटातला उभा मोकळा बोळ होता, थेट तळापर्यंत. खालून वारा आला. गार होता.

"मागच्या दाराचं काय केलं होतं आपण?" दादाने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"पॅनेलवरून बंद केलंय नवव्यासाठी," मामा म्हणाले. "सेटिंगमध्ये."

"आणि वीज जाऊन आली तर?"

मामा खाली वाकून बोळात बघत राहिले. "बोर्ड जुना आहे. सेटिंग विसरूही शकतो."

ते तिघं तिथे उभे होते तेव्हा जिन्यातून धापा टाकण्याचा आवाज आला. दोन हमाल शिवणयंत्र घेऊन चढत होते. लिफ्टवर दादाने 'बंद' पाटी लावली होती. त्यांच्यामागून पन्नाशीची एक बाई आली, खांद्यावर कापडाचे गठ्ठे, आणि तिचा हात धरून एक म्हातारी, पायऱ्यांना मनसोक्त शिव्या घालत.

"राहायला आलो," बाई हसून म्हणाली. "उजवीकडचं घर आमचं. मी शिवणकाम करते. काही अल्टर-बिल्टर असलं तर सांगा."

धाकटीने दादाकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "लिफ्टच्या तक्रारींसाठी तुमचा फोन नंबर लागेल."

"नवीनच घेतलाय कालच, पाठ नाही अजून," बाई म्हणाली आणि ब्लाउजातून चिठ्ठी काढून वाचून दाखवायला लागली. धाकटीने लिहून घ्यायचं सोंग केलं. एकेक आकडा उच्चारायच्या आधीच तिला माहीत होता.

दादाने त्याच आठवड्यात मागच्या दाराला नवव्यावर लोखंडी पट्टी ठोकून ते कायमचं बंद केलं आणि बिल्डरच्या मागे लागून तक्त्याच्या जागी विटांची भिंत उभी करून घेतली. बिल्डरचा माणूस कुरकुरला, की आजवर कुणाची तक्रार नाही, तुम्हालाच काय सुचतंय. दादा म्हणाला, "तक्रार आहे." पुढे काही सांगितलं नाही. बोर्डही त्याने नवा मागवला, पण तो वर्ष संपायच्या आत येणार नव्हता.

तरीही ती तारीख उजाडली तेव्हा तिघांपैकी कुणालाच घरी बसवेना. दादाने सकाळीच लिफ्ट बंद करून पाटी लावली. मामा गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत जाऊन बसले. धाकटी खाली प्रवेशापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली, मांडीवर फोन. शिंपीणबाईला तिने आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं की उद्या देखभाल आहे, लिफ्ट वापरू नका. "बरं बाई," शिंपीण म्हणाली होती, "आईला दवाखान्यात न्यायचंय, तेवढं जिन्याने जाऊ."

सकाळ शांत गेली. दुपारी दादा आणि धाकटी रस्त्यापलीकडे चहा घ्यायला गेले. तेवढ्यात चौथ्या मजल्यावर कुणाचं तरी कपाट आलं. वॉचमनने विचार केला, लिफ्ट तर धडधाकट आहे, नुसती पाटी लावलीय. त्याने पाटी काढली आणि खालच्या पेटीतला खटका वर केला. कपाट चढलं. वर मामांना यंत्राचा आवाज आला, पण दादाच चालवून बघत असेल असं त्यांना वाटलं. मग दवाखान्यातून परत आलेली शिंपीणबाई आणि तिची आई समोर उभ्या राहिल्या. म्हातारीचे पाय सुजले होते. पाटी नव्हती. त्या आत शिरल्या.

धाकटीच्या हातात चहाचा ग्लास होता तेव्हा पलीकडची दुकानं एकदम अंधारली. वीज गेली होती. पाठोपाठ तिचा फोन वाजला. नवी तक्रार.

'लिफ्ट मध्येच थांबली. आत मी आणि आई.'

पुढे काही नव्हतं. तारीख आजची होती, घड्याळही आजचंच.

दादा धावला. जिने चढताना धाकटी दोनदा ठेचकाळली, वरून मामांचा आवाज येत होता, "चाक हाताने फिरवतोय, हाताने फिरवतोय." क्षणभर वीज आली आणि पुन्हा गेली. त्या क्षणात लिफ्टच्या मागच्या दाराची मोटर गुरगुरली, धाकटीने ते स्पष्ट ऐकलं. दार लोखंडी पट्टीवर आदळलं आणि तिथेच थांबलं. मग चाकाचा कर्रकर्र आवाज होत लिफ्ट बोटा-बोटाने वर सरकली, दादाने किल्लीने पुढचं दार ओढलं, आणि आत फोनच्या उजेडात शिंपीणबाई दिसली, एका हाताने आईला घट्ट धरलेली. म्हातारी खाली बसली होती.

त्यांना बाहेर काढलं, घरात नेऊन पाणी दिलं. शिंपीणबाई पदराने घाम पुसत हसली. "फॉर्म भरला आणि तुम्ही दारात हजर. एवढ्या लवकर तर शेजारी पण येत नाहीत."

"किती वेळा भरलात?" धाकटीने विचारलं.

"एकदाच. एकदाच भरला की."

म्हातारी पाणी पीत होती. तिने पेला खाली ठेवला. "ती मागची कोण होती?"

"कुठली मागची, आई?"

"मागच्या दारापलीकडे. बाई रडत होती. आई, आई म्हणून हाका मारत होती." तिने लेकीकडे निरखून पाहिलं. "आवाज तुझाच होता. पण तू तर माझ्याजवळ होतीस."

"घाबरलीस तू," शिंपीणबाई म्हणाली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. दादा खिडकीबाहेर बघत राहिला. भिंतीपलीकडे काय आहे ते त्या खोलीत तिघांना ठाऊक होतं: थेट तळापर्यंत मोकळा बोळ, जिथे उभं राहायला तळहाताएवढीही जागा नाही.

धाकटीला वाटलं होतं, आता नोंदी थांबतील. दुसऱ्या सकाळी यादीत एक होती. तोच नंबर, तोच नववा मजला. फोनच्या घड्याळात आदल्या दिवसाचीच तारीख, जणू तिकडचा दिवस मावळलाच नव्हता.

'मी अजून इथेच आहे. माणूस निघालाय असं तुम्ही लिहिता. खरं सांगा, कुणी निघालंय का?'

तिने आधी तो नंबर लावला. शिंपीणबाईने उचलला, मागे यंत्राची घरघर. "बोला ताई. आई? आई मजेत आहे, काजं करतेय. म्हणते, आता जिन्याने जाणार नाही, तुमची लिफ्टच बरी." धाकटी दोन शब्द बोलली आणि फोन ठेवला. ज्या बाईने फोन उचलला तिने हे लिहिलेलं नव्हतं. जिने लिहिलं होतं तिला फोन लागत नव्हता.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर ती वहिनीजवळ जाऊन बसली.

"आपण एक आई वाचवली," धाकटी म्हणाली. "पण त्या आधी जिची आई गेली, ती कुठेतरी उरलीच की गं. जिला आपण वर्षभर परत पाठवलं, ती."

वहिनीने समोरची वही मिटली. मग म्हणाली, "तिला आपलं काय दिसतं?"

"म्हणजे?"

"ती फॉर्म भरते. मग तिला काय दिसतं?"

"फॉर्मने दाखवलेलं वाक्य. बास. तेवढंच."

"मग तिथेच लिही ना तिला."

धाकटीने कोड उघडलं. नंबर हा असेल आणि तारीख ही असेल, तर नेहमीचं वाक्य दाखवायचं नाही. एवढी एक अट तिने घातली. त्यापुढे काय लिहायचं यावर दोघी दिवे लावायची वेळ होईपर्यंत बसल्या. वहिनी सुचवायची आणि स्वतःच नको म्हणायची. 'माफ करा' तिने खोडलं. म्हणाली, हे आपल्याला बरं वाटावं म्हणून आहे, तिच्यासाठी नाही. 'काळजी करू नका' हेही गेलं. शेवटी एवढंच उरलं: 'आम्ही उशिरा पोचलो. पण तुमची आई इथे सुखरूप आहे. मागे भिंत बांधली आहे. आज ती काजं करत बसली आहे.'

इतर सगळ्यांसाठीचं वाक्यही वहिनीने त्याच वेळी बदलायला लावलं. आता तिथे फक्त 'तुमची तक्रार मिळाली' असं येतं. माणूस निघाला की वहिनी स्वतः फोन करून सांगते, डाव्या कानाने.

दुसऱ्याच दिवशी तिची नोंद आली, 'कुणी आहे का?' एवढीच, आणि ते वाक्य तिला दिसलं असणार. त्यानंतर काही दिवस काहीच आलं नाही. मग एका सकाळी अडखळलेल्या नोंदींमध्ये तो नंबर दिसला. नाव नव्हतं, मजला नव्हता, मजकुराचा चौकोन रिकामा. फक्त नंबर आणि तारीख भरून तिने 'पाठवा' दाबलं होतं, आणि फॉर्मने तिला शिस्तीत परत पाठवलं होतं: काय झालं ते लिहा. धाकटी थोडा वेळ त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत बसली. तिला सांगायचं काही नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिला फक्त ते वाक्य पुन्हा वाचायचं होतं.

तिने त्या एका नंबरापुरते उरलेले सगळे नियम काढून टाकले.

शिंपीणबाईकडे तिचं जाणं-येणं सुरू झालं. कधी पडदे शिवायला, कधी उगाचच. तिथून आली की ती त्या वाक्याची शेवटची ओळ बदलते. आज ती उन्हात बसली आहे. आज ती वॉचमनशी भांडली. आज तिचा घसा बसलाय, काढा नको म्हणते.

आणि सकाळी चहा घेऊन वहिनी मागच्या खोलीच्या दारात उभी राहते, ग्लास फुंकत.

"आज आली होती?"

"आली होती," धाकटी सांगते. "काही लिहिलं नाही."